बिनपत्त्याचा कोळी

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. चकचकीत सुटा भाग हातात आला की बाकीच्यांना चकाकी दिसते, मला तिच्याखाली लपलेली चीर शोधायची असते. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन भोळा होऊ शकत नाही. वरणात मीठ कमी असलं तरी मला त्यामागे काहीतरी बेत दिसतो. तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्यात मी स्वतःच्या सासूवर पाळत ठेवली, हे वाचून दचकू नका. ते माझ्या हातून सहज झालं.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मला कोळ्यांची भीती वाटते. सगळ्या नाही. कोपऱ्यात जाळं विणून मुकाट बसणाऱ्या लांबटांग्या कोळ्याशी माझं वैर नाही. त्याला पत्ता आहे. काल जिथे होता तिथेच आज सापडतो, सभ्य माणसासारखा. माझं वाकडं आहे ते त्या दुसऱ्याशी: तपकिरी, चपटा, पाय पसरले की तळहाताएवढा, न्हाणीघराच्या भिंतीवर डाग पडावा तसा बसणारा. तो जाळं विणत नाही. त्याला घर नाही, पत्ता नाही. आता आहे, डोळ्यांत साबण गेला, डोळे उघडले, नाही. गेला कुठे? या प्रश्नासह मी पाठीला साबण लावायचा असतो.

कारखान्यात बूट घालण्याआधी मी ते तीनदा आपटतो, हेल्मेट उलटं करून झटकतो. एकदा सुरक्षेच्या तासाला आमच्या साहेबांनी मला सगळ्यांपुढे उभं करून सांगितलं की काळजी कशी घ्यावी ते यांच्याकडून शिका. टाळ्या झाल्या. मी मान झुकवून त्या घेतल्या.

खरं फक्त बायकोला माहीत होतं. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला कशाचंच काही वाटत नाही. कोळी दिसला की ती एका हातात वाडगा आणि दुसऱ्या हातात जुनी लग्नपत्रिका घेऊन जाते, वाडगा कोळ्यावर पालथा घालते, पत्रिका खालून सरकवते आणि गॅलरीतून त्याला निरोप देते. मारत नाही. आमच्याकडे, तिच्याकडे, दोन्ही घरी संध्याकाळी पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं आहे. ते मलाही मान्य आहे. जीव राहावा, फक्त माझ्या न्हाणीघरात राहू नये. माझी भीती माहेरी सांगणार नाही असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच कबूल केलं होतं, आणि शब्द पाळला होता.

माहेरी कळू नये याला कारण होतं. माझ्या सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, खापरखेड्याच्या वसाहतीत प्रसिद्ध होत्या त्या सापांसाठी. मामा, म्हणजे सासरे, तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होते. क्वार्टरच्या मागे झुडपं, त्यामुळे साप येत. कुणाच्याही घरी साप निघाला की मामींना बोलावणं यायचं. त्या पदर खोचून काठी घ्यायच्या, सापाला काठीवर उचलून नाल्यापलीकडे सोडून यायच्या आणि राहिलेल्या पोळ्या लाटायला बसायच्या. अशा बाईच्या जावयाने आठ पायांच्या किड्याला घाबरावं?

मामा गेल्यावर मामी वसाहतीबाहेरच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. मागच्या हिवाळ्यात त्या अंगणात घसरून पडल्या. दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. हाड वाचलं, पण त्या दिवसापासून बायकोची झोप गेली. फोन वाजला की आधी तिचा चेहरा उतरायचा, मग ती फोन उचलायची. आईने आता आपल्याकडेच राहावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. आमची मुलगी शिकायला पुण्याला, तिची खोली रिकामी. मामी पुष्कळ आढेवेढे घेऊन म्हणाल्या की एक महिना राहून पाहीन, जमलं तर ठीक. फेब्रुवारीच्या शेवटी त्या आपली लोखंडी पेटी घेऊन आल्या. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात बजावलं, "हे पाहा, या महिन्यात तुमी कोणावर शंका घ्यायची नाई. ती गेली तर मी तुमाले जबाबदार धरीन."

मी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बायको ड्यूटीवर गेलेली, मी दुसऱ्या पाळीत म्हणून घरी. मामी न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या, आत जात नव्हत्या. मी जवळ गेलो. गीझरच्या खाली तो बसला होता. मामी हळूच म्हणाल्या, "जवाईबुवा, हे..." आणि थांबल्या.

इथे माझ्यात एखादा नट शिरला असावा. घाम फुटला होता, पण चौकटीला हात टेकवून मी ऐटीत हसलो.

"तो होय? राहू द्या मामी. घरचाच आहे."

मामींनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि त्या खोलीत निघून गेल्या. सापवाल्या बाईवर छाप पडली, असं मला वाटलं. संध्याकाळी बायको वाडगा घेऊन गेली तेव्हा भिंत कोरी होती. तिने गीझरमागे टॉर्च मारला, बादली उलटी केली आणि गेला असेल म्हणाली. मी तिला म्हणालो, मामींसमोर हा विषय काढू नकोस. त्या दिवसापासून माझी आंघोळ चार मगांवर आली. दाराला पाठ, नजर भिंतीवर, आणि डोळे मिटायचे ते एकेक.

आता संशयाकडे येतो. पहिला संशय साबणाने दिला.

मामी स्वतःची चंदनाची वडी घेऊन आल्या होत्या. न्हाणीघरात त्यांच्या वेगळ्या साबणदाणीत ती ठेवलेली असे. दहा दिवसांनी भिंत तपासता तपासता माझी नजर त्या वडीवर गेली. तिच्यावरची कोरीव अक्षरं दुकानातून आल्यासारखी ताजी होती. कडा धारदार. झिजण्याच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. ही वडी दहा दिवसांत एकदाही अंगाला लागलेली नव्हती. आणि मामी तर रोज सकाळी ओले केस पाठीवर सोडून, धुतलेल्या पातळात, गॅलरीत उन्हाला बसलेल्या दिसत.

आंघोळ करून येतात, पण साबण कोरा. मग आंघोळ होते कुठे?

मी लक्ष ठेवलं. बायको ड्यूटीवर निघाली की थोड्या वेळाने मामी पदराखाली पिशवी धरून जिना उतरायच्या, तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंच्या घरात शिरायच्या आणि अर्ध्या तासाने परत यायच्या. काय बोलत असतील? माझ्याबद्दल नक्की. मी जिन्याच्या कठड्यावरून कान दिला. काही ऐकू आलं नाही, यामुळे तर खात्रीच पटली.

पेटीचं आणखी वेगळं. मुलीच्या खोलीतलं अर्धं कपाट बायकोने रिकामं करून दिलं होतं. त्यात एकही पातळ नव्हतं. सगळं अजून पेटीत, पेटी दाराजवळ, कुलूप लावलेली. बस आली की उचलून चालायला लागावं, अशी.

आणि मग ती टकटक. एका सकाळी मी पेपरच्या आडून पाहत होतो. न्हाणीघर रिकामं, दार अर्धवट उघडं. मामी आल्या आणि उघड्या दारावर बोटांनी टकटक केलं. थांबल्या. पुन्हा टकटक. मग आत हात घालून दिवा लावला, आत डोकावल्या आणि निघून गेल्या.

मी पेपर खाली ठेवला. कारण ही टकटक माझी होती. आत जाण्याआधी मीच रोज दोनदा दार वाजवतो, म्हणजे आतल्याला आडोशाला जायला वेळ मिळतो. हे मामींनी पाहिलं होतं. त्या माझी नक्कल करत होत्या. म्हणजे सगळं उघडकीला आलं होतं. आणि पुढचा विचार आला तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो: हा कोळी मामी यायच्या आधी दिसला होता का? नाही. त्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसला. तो त्या पेटीतून आला होता. मामींना इथे राहायचं नव्हतं, लेकीला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून जावयालाच असा घाबरवायचा की त्यानेच हात जोडावेत. माल तपासताना इतकं सुंदर जुळलेलं काम माझ्या हाती क्वचित आलं होतं.

बायकोला मी अर्धंच सांगितलं, साबणाचं. ती पोळी भाजत होती. तिने उलथनं खाली ठेवलं.

"माझ्या आईचा साबण पाहून राहिले तुमी?"

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली की आईने काल बसची वेळ विचारली, सोमवारी जाते म्हणाली, कारण विचारलं तर काही सांगत नाही. तिचे डोळे भरले होते. मला आनंद व्हायला हवा होता, माझा अंदाज खरा ठरला होता. झाला नाही. फोन वाजल्यावर उतरणारा तिचा चेहरा आठवला. मी ठरवलं की सोमवारच्या आत मामींना गाठून सरळ विचारायचं.

गाठायला कूलरसारखं दुसरं निमित्त नाही. होळीच्या सुमाराला इथे घराघरातला कूलर जागा होतो. आमचा गॅलरीत जुनी चादर पांघरून आठ महिने झोपलेला असतो. दरवर्षी बायको त्याच्या तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या काढते आणि मी लांबून सूचना देतो. त्या रविवारी तिची ड्यूटी होती. मी मामींना म्हणालो, ऊन वाढलं, कूलर धुऊन घेऊ, तुम्ही फक्त पाइप धरा. जावयाने काम सांगितल्यावर त्या नाही म्हणणार नव्हत्या. गॅलरी अडीच फूट रुंद. या टोकाला कठडा, त्या टोकाला खोलीचं दार, कडेला कूलर. साक्षीदार पळून जाऊ शकत नाही अशी जागा.

पळून जाता येत नाही, ही अट मलाही लागू होती, हे तेव्हा सुचलं नाही.

चादर मी झाडूच्या दांड्याने ओढून काढली. पहिली ताटी काढली, वाळ्याचा भुगा पडला. दुसरी काढली. मामी कठड्याकडच्या बाजूला पाइप धरून उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. प्रश्न ओठांवर तयार होता. तिसरी ताटी ओढून काढली आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून दाराच्या चौकटीला टेकवली. ठेवताना तिची आतली बाजू वर आली.

वाळक्या वाळ्यावर तो बसला होता. त्याने पोटाखाली काहीतरी धरलं होतं, पांढरं, गोल, चपटं, औषधाच्या मोठ्या गोळीसारखं. अंडी. म्हणजे हा तो नव्हता, ती होती, आणि एकटी नव्हती.

ती आमच्या आणि दाराच्या मध्ये होती.

मी एक पाऊल मागे सरलो आणि मामींना धडकलो, कारण त्याही मागे सरत होत्या. पाइपचं पाणी आमच्या दोघांच्या पायांवर पडत होतं. डोक्यावर बाराचं ऊन. जावयाने सासूला अंगाने धडकणं हेच आमच्याकडे एवढं अवघड, की माफी मागावी की श्वास घ्यावा ते कळेना.

"मामी," मी शेवटी म्हणालो, "तुम्ही साप उचलता."

"हो."

"मग हे जरा..."

मामी ताटीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुमचा घरचाच आहे न? तुमीच म्हणाले होते."

त्या आवाजाला ऐकू येईल न येईल असा कंप होता. मी तो ओळखला. आरशासमोर स्वतःशी बोलताना माझा येतो तसाच.

"तुम्हाला भीती वाटते?"

"मले वाटलं तुमी पाळलेला आहे," मामी म्हणाल्या. "कोणाला काय आवडते सांगता येत नाई. जवाईच्या घरी येऊन नावं काहून ठेवू मी?"

आणि मग त्या सुटल्या. इतकी वर्षं माझ्याशी लेकीच्या आडून बोलणारी बाई भर उन्हात, ओल्या पायांनी, सलग बोलत राहिली. सापाचं काही नाही, म्हणाल्या, त्याले तोंड आहे, शेपूट आहे, कोणीकडं जाऊन राहिला ते समजते. याचं काहीच समजत नाही. वसाहतीत कुणाला सांगितलं नाही, मामांनाही नाही, कारण सापवाली म्हणून नाव झालेलं. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी तो दिसला आणि जवाई म्हणतात घरचाच. न्हाणीघरात पाऊल ठेववेना. मग तळमजल्यावरच्या बाईंना आमचा नळ खराब आहे सांगून त्यांच्याकडे आंघोळ सुरू केली. पातळं कपाटात ठेवली तर घड्यांत शिरेल म्हणून पेटीत. दार वाजवण्याची युक्ती मात्र माझीच पाहून घेतलेली.

"तुमाले वाजवताना पाहिलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तुमी त्याले सांगता, आलो म्हणून."

मी कठड्याला टेकलो. तीन आठवड्यांचा माझा देखणा तपास पाइपच्या पाण्याबरोबर मोरीत चालला होता. चीर सापडली होती, पण ती मालात नव्हती, तपासणाऱ्यात होती. एका ऐटीच्या वाक्यापायी म्हातारी रोज पिशवी लपवत जिना उतरत होती, आणि सोमवारी पुन्हा त्या अंगणात जाणार होती.

"मामी, मी पाळलेला नाही," मी म्हणालो. "मी लग्नाआधीपासून घाबरतो. तुमच्यापुढे बोलायची लाज वाटली."

मामींनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी माल पाहतो तसं, आणि पदर खोचला.

"चादर द्या ते इकडे."

ती वाळक्या भुग्याने भरलेली जुनी चादर आम्ही दोघांनी दोन टोकांना धरली. मामी म्हणाल्या, डोळे मिटायचे नाहीत, मिटले की तो जागा बदलतो. हे मी जन्मभर ओळखून आहे, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून प्रथमच ऐकलं. एक, दोन म्हणून चादर ताटीवर टाकली, कडा खाली दुमडल्या, आणि ते गाठोडं हात लांब करून उचललं. मी पुढून, त्या मागून, दोन मजले उतरलो. तळमजल्याच्या शेजारीणबाई दारात होत्या. त्यांनी आमच्या दोघांच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडांकडे आणि चादरीतल्या आडव्या आकाराकडे पाहिलं, आणि विचारलं की कोण... मामी मागून म्हणाल्या, ताटी आहे बाई, ताटी.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर गाठोडं ठेवलं आणि झाडूच्या दांड्याने चादर उलगडली. ती काही क्षण उन्हात बसून राहिली, गोळी घट्ट धरून. मग निघाली. आमच्याच इमारतीच्या दिशेने. भिंतीशी पोचून डावीकडे वळली की वर चढली ते दोघांनाही सांगता आलं नाही, कारण नेमक्या त्या क्षणी दोघांनीही डोळे मिटले होते.

संध्याकाळी बायको आली. कूलरला दोनच ताट्या पाहून तिने तिसरीचं विचारलं. मी म्हणालो सडली होती. मामी त्याच वेळी आतून म्हणाल्या, मोडली होती. तिने आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. मग आईच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावलो. कपाट उघडं होतं. मामी एकेक पातळ झटकून, उलटं करून, पुन्हा झटकून फळीवर ठेवत होत्या. पेटी रिकामी होऊन पलंगाखाली गेली होती. बायको दाराला टेकून नुसती पाहत होती. मला म्हणाली, "सोमवारचं काही बोलली नाई ती. तुमी काय सांगितलं तिले?"

काही नाही म्हणालो. मामींना शब्द दिला होता. सापवालीचं नाव राहायला हवं.

आता संशय घ्यायची पाळी बायकोची आहे. आई आणि नवरा स्वयंपाकघरात बोलता बोलता ती आली की का थांबतात, हे तिला कळत नाही. महिना उलटून दुसरा लागला आहे. चंदनाच्या वडीवरची अक्षरं पार गेली, मी तपासलं. आणि ती पांढरी गोळी कुठे फुटली असेल, हे आम्हाला अजून माहीत नाही. म्हणून रोज सकाळी पुढचा कार्यक्रम ठरलेला आहे. आधी मामी टॉर्च घेऊन जातात, बादली, मोरी, पाटाची खालची बाजू पाहतात. बाहेर येतात. मी टॉवेल घेऊन उभा असतो.

"खालचं पाहिलं मी," मामी टॉर्च माझ्या हातात देत म्हणतात. "वरचं तुमी पाहा. मले तेवढं दिसत नाई."